कादंबरी कशी लिहिली जाते
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर आपल्या ज्ञातीतील नामांकित डॉक्टर, कायदेपंडित आणि शिक्षणतज्ज्ञ बोलून गेले. त्यांच्या पंक्तीस बसण्याचा आमचा अधिकार नाही, याची आम्हास पूर्ण जाणीव आहे. आम्ही आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि तीही नऊ वर्षे खर्ची घालून. परंतु चिटणीसांनी आग्रह धरला की, ज्ञातीतील तरुण मंडळींना लेखनाची आवड आहे, तेव्हा कादंबरीचे काम आरंभापासून अखेरपर्यंत कसे चालते ते आपण सांगावे. हा आग्रह मोडवेना, म्हणून उभे राहिलो आहोत.

आम्हास लोक नेहमी एकच प्रश्न विचारतात, "हे सारे तुम्हाला सुचते तरी कसे?" या प्रश्नामागे अशी समजूत असते की, कादंबरी ही आकाशातून उतरते आणि लेखक ती केवळ उतरवून घेतो. वस्तुस्थिती तशी नाही. घर बांधावयाचे झाल्यास प्रथम जागा पाहावी लागते, मग आराखडा, मग पाया आणि भिंती, आणि सर्वांत शेवटी गिलावा. कादंबरीचेही तसेच आहे. फरक इतकाच की, घर बांधणारा गवंडी भिंती उभ्या राहिल्यावर पाया बदलीत नाही. कादंबरीकारास मात्र पुष्कळदा तेच करावे लागते. आराखडा, खर्डा आणि फेरलेखन अशा या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. त्यांपैकी तिसरी पायरी सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाची, हेच आम्हास आज सांगावयाचे आहे.

प्रथम आराखड्याविषयी. येथे रशियातील थोर कादंबरीकार टॉलस्टॉय यांची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण त्यांच्या खर्ड्यांची हजारो पाने जपून ठेवली गेली आहेत, आणि त्यांचे काम कसकसे पुढे गेले ते आज आपणांस पाहता येते. 'युद्ध आणि शांती' ही त्यांची प्रचंड कादंबरी १८०५ सालापासून सुरू होते. पण त्यांना मुळात लिहावयाचे होते ते १८५६ सालाविषयी. १८२५ साली झारविरुद्ध उठाव करून सैबेरियात हद्दपार झालेला एक सरदार वृद्धपणी कुटुंबासह मायदेशी परततो, अशी ती कथा होती. हा माणूस समजून घ्यावयाचा तर १८२५ साली मागे जावे लागेल, असे त्यांना वाटले. मग त्याचे तारुण्य समजावे म्हणून १८१२ साली, म्हणजे नेपोलियनच्या स्वारीच्या काळी, जावे लागले. आणि तेथे पोहोचल्यावर त्यांच्या मनाने एक वेगळीच हरकत घेतली. आपल्या देशाचा विजय तेवढा सांगावयाचा आणि त्याआधीचे पराभव व नामुष्की झाकून ठेवावयाची, याची त्यांना लाज वाटू लागली. म्हणून ते आणखी मागे, १८०५ सालापर्यंत गेले.

मित्रहो, हे आपण ध्यानी ठेवावे. जगातील एका थोर कादंबरीचा आरंभ कोठे करावयाचा, हे कल्पनाशक्तीने ठरविले नाही. लेखकाच्या प्रामाणिकपणाने ठरविले.

आपल्या मराठीतही याला तोडीचे उदाहरण आहे. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० सालापासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ साली ती पुस्तकरूपाने आली. ऐन पंचविशीतील या लेखकाने एका विधवेची कथा सांगावयास घेतली. ती त्यांना तटस्थ निवेदकाच्या तोंडून सांगता आली असती. पण त्यांनी यमूलाच बोलावयास लावले. ती स्वतः आपली कहाणी सांगते. तेव्हा काय घडते याबरोबरच कोण सांगतो, हेही आराखड्यातच ठरवावे लागते. दुसरा प्रश्न चुकला की पहिल्याचे उत्तर बरोबर असूनही कथा खोटी पडते. हा धडा आम्ही पुस्तकात वाचला होता, तरी स्वतः चुकल्यावाचून तो आमच्या अंगी लागला नाही.

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील आपले गाव सोडून मुंबईस आले, गिरगावातील एका चाळीत बिऱ्हाड केले, कारकुनी पत्करली आणि पाठच्या तीन भावांना शिकवून मार्गी लावले. याच संस्थेच्या एका जुन्या स्मरणिकेत त्यांचा परिचय छापलेला आहे, आणि तो वाचीतच आम्ही लहानाचे मोठे झालो. २००८ साली नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्यावर कादंबरी लिहावी असे मनाने घेतले. नऊ पानांचा आराखडा तयार केला. नायक अर्थातच आजोबा. घरात त्यांची थोरली विधवा बहीण होती; सर्व तिला आक्का म्हणत. ती खानावळ चालवीत असे. घरातील आठवणींप्रमाणे ती तोंडाळ आणि पैशाला चिकट. कथेत थोडा खमंगपणा यावा म्हणून आम्ही तिला कजाग बाईची भूमिका देऊन टाकली. आराखडा इतका नीटनेटका झाला की आम्ही स्वतःवरच खूष झालो.

खर्डा लिहिताना एक नियम आम्ही पाळला, तो तरुणांनी जरूर पाळावा. रोज पहाटे दोन तास बसावयाचे, आणि मागे वळून पाहावयाचे नाही. खर्ड्यात भाषा ओबडधोबड असली तरी चालते; तेथे पाने पुढे जाणे महत्त्वाचे. कागदावर लिहा की संगणकावर लिहा, अडखळणे सारखेच. मात्र ज्यांना पहिलेच वाक्य सोन्यासारखे हवे असते, त्यांची कादंबरी पहिल्या प्रकरणातच अडून बसते. अशा रीतीने दोन वर्षांत आमचा सहाशे पानांचा खर्डा पुरा झाला.

तो पुरा झाल्यावर सहज मनात आले की, ज्या खोल्यांत हे सारे घडले त्या एकदा पाहून याव्यात. येथे पुन्हा टॉलस्टॉय यांचीच आठवण होते. बोरोदिनोच्या लढाईचे वर्णन लिहिण्यासाठी ते १८६७ सालच्या सप्टेंबरात प्रत्यक्ष रणभूमीवर गेले. बरोबर पत्नीचा बारा वर्षांचा भाऊ होता. दोन दिवस त्यांनी ते मैदान पायाखाली घातले, सैन्ये कोठे उभी होती ते पाहिले आणि आपल्या हाताने नकाशा काढला. लढाई होऊन ५५ वर्षे लोटली होती, ग्रंथांतून तिची वर्णने मुबलक होती. तरी त्यांना जमीन पाहावीशी वाटली.

आमची रणभूमी म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. चाळ त्या वेळी अद्याप उभी होती. तेथे राहणाऱ्या सद्‌गृहस्थांनी आत येऊ दिले आणि आम्ही फूटपट्टीने बाहेरची खोली मोजली. दहा फूट बाय बारा फूट! आमच्या खर्ड्यात त्या खोलीत चोवीस मेंबरांची एकच पंगत झोडत होती. प्रत्यक्षात आठाहून अधिक पाट तेथे मांडताच येत नव्हते. म्हणजे सकाळी कचेऱ्यांच्या वेळेआधी तीन पंगती उठल्या पाहिजेत, आणि रात्री पुन्हा तीन. नळाला पाणी पहाटेच येई, तेव्हा त्याआधी उठणे आले. जेवून झाल्यावर कोणी गप्पा मारीत बसला तर आक्का त्याच्या अंगावर ओरडत असे, ही घरातली प्रसिद्ध गोष्ट. तिच्या तोंडाळपणाचा दाखला म्हणून आम्ही ती मोठ्या चवीने लिहिली होती. त्या खोलीत उभे राहिल्यावर कळले की, बाहेर गॅलरीत दुसऱ्या पंगतीचे आठ जण ताटकळत उभे असत आणि त्यांना कचेरी गाठावयाची असे. ती बाई भांडखोर नव्हती. ती घड्याळाशी झुंजत होती. एका फूटपट्टीने आमची सहाशे पाने लटकी पाडली.

आता तिसरी पायरी, फेरलेखन. पुष्कळांना वाटते की, फेरलेखन म्हणजे शुद्धलेखन सुधारणे आणि चार विशेषणे बदलणे. तसे असते तर ते काम एखाद्या मुद्रितशोधकाकडे सोपविता आले असते. 'युद्ध आणि शांती'च्या लेखनास १८६३ पासून १८६९ पर्यंत सहा वर्षे लागली. दिवसभर लेखकाने खोडावे, रात्री त्यांच्या पत्नी सोफिया यांनी स्वच्छ प्रत करावी, आणि दुसऱ्या दिवशी ती प्रतही पुन्हा खाडाखोडीने भरून जावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८६६ सालच्या एका खर्ड्यात प्रिन्स आंद्रे हा लढाईतून वाचतो. छापील कादंबरीत तो मरण पावतो. एवढे मोठे बदल होत असत. मुद्रिते हाती आल्यावरही त्यांची लेखणी थांबत नसे, आणि छपाईवर देखरेख करणारे गृहस्थ त्रासून जात.

परंतु फेरलेखनाचे खरे मर्म 'आना कारेनिना'च्या हकीकतीत आहे. १८७२ सालच्या जानेवारीत टॉलस्टॉय यांच्या शेजारच्या जमीनदाराकडील एका स्त्रीने निराशेपोटी आगगाडीखाली जीव दिला. टॉलस्टॉय तेथे गेले आणि तो छिन्नविच्छिन्न देह त्यांनी पाहिला. पुढे १८७३ साली त्यांनी कादंबरीस हात घातला. आरंभीच्या खर्ड्यांत नवऱ्यास सोडून जाणारी ही नायिका दिसावयास सामान्य आणि वागावयास उथळ अशी रंगविलेली होती. सारी सहानुभूती होती ती सोशिक नवऱ्याकडे. लेखक न्यायाधीशाच्या आसनावर बसून लिहीत होता. पण एकामागून एक खर्डे होत गेले तशी ही बाई बदलत गेली. तिच्यात तेज आले, तिचे दुःख लेखकास कळू लागले. आणि १८७५ पासून १८७७ पर्यंत ती प्रसिद्ध झाली तेव्हा जगाच्या वाङ्‌मयातील एक अविस्मरणीय स्त्री वाचकांपुढे उभी राहिली. तिची चूक लेखकाने नाकारली नाही. पण तिला न्याय दिला. आणि तिला न्याय देताना नवऱ्याचीही माणुसकी पुसून टाकली नाही. फेरलेखन म्हणतात ते याला.

आमच्या कामात ही पायरी एका जुन्या वहीमुळे आली. चाळ पाहून आल्यावर आम्ही घरातील माळ्यावरची पेटी उघडली. तीत लाल कापडाच्या बांधणीची एक हिशेबाची वही निघाली. वर लिहिले होते, 'आक्काचा हिशेब.' आक्काला लिहिता येत नव्हते. ती सांगे आणि आमचे वडील लिहून घेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे ते किरटे अक्षर. १९४३ पासून पुढची सहा वर्षे त्यात होती. १९४३ हेच मुंबईत रेशनिंग सुरू झाल्याचे साल. त्यानंतर खानावळ चालविणे म्हणजे काय दिव्य होते, ते तांदळाच्या आणि कोळशाच्या रकान्यांवरून दिसत होते. परंतु आमचे डोळे खिळले ते दुसऱ्याच नोंदींवर. 'धाकट्याची फी.' 'मधल्याची पुस्तके.' 'परीक्षेची फी, पाटल्या ठेवून.' पाटल्या ठेवल्याची नोंद तीनदा होती; सोडविल्याची दोनदाच. आणि दरसाल एक नोंद होती, 'ज्ञातिफंड, रुपया १.' तीन भावांचे शिक्षण आजोबांच्या पगारावर झाले, असे आम्ही ज्या स्मरणिकेत वाचीत आलो, तिच्याच फंडास ती बाई रुपया देत होती. आणि त्या परिचयात तिचे नाव नव्हते.

आम्ही संतापाच्या भरात दुसरा खर्डा लिहिला. त्यात आजोबांना ढोंगी आणि स्वार्थी ठरविले. तो वाचून पाहिला तेव्हा ध्यानात आले की, आम्ही न्यायाधीशाच्या आसनावरून उठलोच नव्हतो. फक्त आरोपी बदलला होता. म्हणून हस्तलिखित वर्षभर बाजूस ठेवले. नंतर वही पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि अखेरच्या पानांवर आजवर दुर्लक्षिलेले एक टिपण सापडले. ते आजोबांच्या वळणदार अक्षरात होते. मथळा होता, 'आक्काचे देणे.' बहिणीने कोणत्या महिन्यात किती रुपये घातले, ते आणे-पैपर्यंत लिहिलेले, आणि पुढे काही काही परतफेडीच्या नोंदी. सारे देणे फिटल्याचे मात्र कोठे लिहिलेले नव्हते. म्हणजे आजोबा विसरले नव्हते. त्यांनी ते ऋण कागदावर मान्य केले होते. चारचौघांत बोलून दाखविण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नव्हते. सज्जन माणसाचे हे मौन, हाच आमच्या कादंबरीचा खरा विषय होता, आणि तो सापडावयास आम्हास सात वर्षे लागली. तिसरा खर्डा आम्ही आक्काच्या तोंडून लिहिला. सहाशे पानांची अडीचशे राहिली.

आता एका नाजूक गोष्टीविषयी बोलले पाहिजे. आमचे थोरले चुलत बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, यांच्या कानी हे गेले तेव्हा ते व्यथित झाले. म्हणाले, "अरे, आजोबांचं नाव साऱ्या ज्ञातीत आदरानं घेतात. घरातलं वेशीवर टांगून तुला काय मिळणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आम्ही म्हणालो, "दादा, आधी ऐकून घ्या. मग जे सांगाल ते सांगा." सहा संध्याकाळी आम्ही त्यांना सारे हस्तलिखित वाचून दाखविले. अखेरीस ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, "दुपारी खरकटी काढून झाली की आक्का मला दहीभात कालवून द्यायची. ते काही यात आलं नाही." ते आम्ही घातले. तरीही २०१७ साली पुस्तक प्रसिद्ध झाले त्या समारंभास दादा आले नाहीत. २०२१ साली ते निवर्तले. त्यांच्या कपाटातील प्रत वहिनींनी आम्हास आणून दिली. तीन ठिकाणी त्यांनी पेन्सिलीने समासात चुका दाखविल्या होत्या: एका सणाचा पदार्थ, एका शेजाऱ्याचा धंदा, आणि आक्काच्या लुगड्याचा रंग. तिन्ही दुरुस्त्या दुसऱ्या आवृत्तीत केल्या आहेत. त्यांची नाराजी गेली की राहिली, हे आम्हास सांगता येत नाही. पण पुस्तक खरे व्हावे अशी त्यांचीही इच्छा होती, एवढे त्या पेन्सिलीने सांगितले.

तरुण लेखकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आवरते घेतो. आराखडा अवश्य करा, पण तो शिलालेख समजू नका. खर्डा थांबू न देता पुरा करा. पुरा झाल्यावर काही महिने त्याकडे पाहू नका. मग तो परक्याचा समजून मोठ्याने वाचा, जेथे जीभ अडखळते तेथे लेखन सदोष आहे असे खुशाल समजा. एका वाचनात एकच गोष्ट तपासा: एकदा कालक्रम, एकदा पात्रांची भाषा, एकदा केवळ अनावश्यक मजकूर. आणि ज्या पात्रावर तुमचा राग असेल त्याच्या बाजूने एक प्रकरण लिहून पाहा. ते छापावयाचे नसले तरी चालेल. पण ते लिहिल्यावाचून कादंबरी पुरी झाली असे मानू नका.

आणि आपणां सर्वांस एक विनंती. आपल्या घरांच्या माळ्यांवर, जुन्या पेट्यांत अशा वह्या, पत्रे, पावत्या असतील. जागा अडते म्हणून त्या रद्दीत घालू नका. वाचता येत नसल्या तरी कापडात बांधून ठेवा. त्यांत कोणाचे तरी देणे लिहिलेले असेल. तसेच, पुढील स्मरणिकेसाठी आपल्या वडिलांचा वा आजोबांचा परिचय लिहावयास बसाल तेव्हा तो एकदा फेरलेखनास घ्या. त्यांना वाढविणाऱ्या, त्यांच्यासाठी पाटल्या गहाण ठेवणाऱ्या कोणा आक्काचे, काकूचे, आत्याचे नाव त्यात राहून तर गेले नाही ना, ते पाहा, आणि राहिले असल्यास घाला. त्याने वडीलधाऱ्यांच्या कीर्तीस उणेपणा येत नाही; त्यांचे राहिलेले देणे आपण फेडतो, इतकेच.